पाणचट चहा

माझी इम्युनिटी वाढवायची नाही. हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की एखाद दिवशी पाटी लिहून गळ्यात अडकवीन म्हणते. पण लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. कोरोना येऊन गेला तेव्हापासून आमच्या अर्जुनीत ज्याला त्याला हा एक शब्द सापडलाय. भाजीवाली म्हणते, मॅडम, शेवगा न्या, इम्युनिटी वाढते. शाळेतले सर म्हणतात, सकाळी उठल्याबरोबर हळदीचं दूध. एसटीत शेजारी बसलेली, जिला मी बापजन्मी पाहिलेलं नाही, ती माझ्या तोंडावरचा मास्क बघून विचारते, "इम्युनिटी कमजोर है क्या? ग्रीन टी पिया करो दीदी." मी म्हणते, "कमजोरच आहे, आणि ती तशीच राहावी म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या खाते." मग ती घाबरून उठून दुसऱ्या बाकावर बसते. बसू दे. मला खिडकी मिळते.

आता खरं काय ते सांगते. माझ्या पोटात उजव्या बाजूला, जांघेच्या थोडं वर, माझ्या थोरल्या बहिणीची किडनी आहे.

थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. बाई माझ्याहून बरीच मोठी. तिचं लग्न झालं तेव्हा मी फ्रॉकात होते आणि वरातीमागे रडत धावले होते, असं ती आजही चारचौघांत सांगते. ती सालेकश्याकडच्या एका गावात दिली. घरचे धानाचे बांध, मागे जंगल, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची, तेंदूपानं तोडायची, पावसाळ्यात रोवणी, म्हणजे भाताची लावणी. मी शिकले, अर्जुनीत शाळेवर मराठी शिकवायला लागले आणि लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्यांना मी आजवर वेगवेगळी कारणं सांगितली आहेत आणि ती सगळी खरी आहेत.

माझ्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मी डायलिसिससाठी गोंदियाला जायची. सकाळची गाडी, दिवसभर सुया, संध्याकाळची गाडी. बाई एकदा सोबत आली, मशिनीकडे बघत बसली, आणि परतताना स्टेशनवर म्हणाली, "माही घे." मी नाही म्हटलं. नाही म्हणजे नाही, रीतसर भांडले. तिला दोन मुली, घर, शेती, नवरा साधा माणूस, सगळा गाडा हिच्या खांद्यावर. मी तिच्याशी बोलणं सोडलं. तिनं काय केलं? मला न विचारता नागपूरला जाऊन आपलं रक्त तपासून आली.

तिच्या घरी वादळ झालं. तिची नणंद गावातच दिलेली, जिभेला हाड नाही. ती आंगणात उभी राहून म्हणाली, "मास्तरीनले ना नवरा ना पोर. तिच्यासाठी आपलं आंग कापून घेतं का व? तिच्यामागं रडनारं तरी कोन आहे?"

बाई तांदूळ निवडत होती. तिनं सूपही खाली ठेवलं नाही. "मी आहो ना रडनारी," ती म्हणाली. "अन् मले रडाचं नाई, म्हनून तं देऊन राह्यली."

हे मला भाऊजींनी नंतर सांगितलं. मी तेव्हा नागपूरला पलंगावर पडून होते आणि अजूनही नाहीच म्हणत होते. माझं नाही कुणी ऐकलं नाही, बाईनं पेन हातात कोंबून सही करवून घेतली, म्हणून मी आज हे लिहायला आहे. पुढच्या हंगामाला बाई पुन्हा चिखलात उभी राहून रोवणी करत होती. गावानं तिला आधीच अर्धी मेलेली धरलं होतं, त्यांची मोठीच पंचाईत झाली.

किडनी बसवल्यावर डॉक्टरांनी मला प्रतिकारशक्तीबद्दल चित्रं काढून समजावलं. मला ते खरं समजलं बाईच्या कुत्र्यावरून. बाईकडे एक भुरं कुत्रं आहे, महाखवीस. चोर असो, साप असो, रानडुक्कर असो, ते कुणाला आंगणात येऊ देत नाही. पण त्याला पाहुणा आणि चोर यांतला फरक कळत नाही. घरी कुणी यायचं असलं की बाई त्याला बांधते. शरीराचंही तसंच. बाईची किडनी माझ्या घरी आलेला पाहुणा. माझं कुत्रं मोकळं राहिलं तर पहिली पोटरी तिचीच धरेल. म्हणून मी गोळ्यांच्या दोरीनं त्याला बांधून ठेवते. दोरी सैल झाली तर किडनी जाते. फारच आवळली तर कुत्रं निपचित पडतं, साधा सर्दी-ताप घरात शिरतो, शिवाय त्या गोळ्या रक्तात जास्त झाल्या तर त्या स्वतःच किडनीला मारतात. म्हणून अधूनमधून रक्त काढून बघायचं, औषध किती आहे. त्याला 'लेव्हल' म्हणतात. लेव्हल नीट तर सगळं नीट. माझं सगळं आयुष्य आता त्या एका शब्दाभोवती फिरतं, आणि लोक मला इम्युनिटी वाढवायला सांगतात.

तर गेल्या दिवाळीची गोष्ट. सुट्टी लागली तशी मी बाईकडे गेले, गोंदियाला गाडी बदलून. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, नाटक होतं, आणि मुख्य म्हणजे ज्याच्या गावची मंडई त्याच्या घरी सगळे नातेवाईक लोटतात. बाईच्या घरी तर पाय ठेवायला जागा नसते. मी गेल्या गेल्या तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, "वाळली व तू," म्हणाली, आणि फळीवरून एक हिरवा डबा काढला. डब्यावर एक परदेशी बाईमाणूस कप हातात धरून हसत होतं आणि खाली ठळक अक्षरांत छापलेलं होतं की याने रोगप्रतिकारशक्ती वाढते.

"हे कुठून आणलं?" मी विचारलं.

"गोंद्याहून. मोबाईलवर सांगून राह्यला होता तो डाक्टर. पांढरा कोट घालून." बाईचा मोबाईलवरच्या पांढऱ्या कोटावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास.

मी तिला बसवून सांगितलं. कुत्र्याची सगळी गोष्ट सांगितली. म्हटलं, "बाई, तू हे पाजून माझं कुत्रं मोकळं सोडशील, अन् ते तुझ्याच किडनीले चावन." तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चायनं कुत्रं सुटते का व? पागल." आणि उठून चुलीकडे गेली.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या भागात माणसाची किंमत चहाच्या रंगावरून होते. नको असलेल्या पाहुण्याला चहा मिळतो, पण पाणचट. दूधपाणी सारखं, पत्ती नावाला. असा चहा समोर आला की शहाण्यानं समजून उठायचं. आणि ज्याच्यावर जीव, त्याला कडक. पत्ती मूठ भरून, आणि चहा असा उकळायचा की पातेल्याच्या कडेला काळी रेघ उमटली पाहिजे. बाई तर म्हणते, पाणचट चाय दुश्मनाले. अशा बाईच्या हातात हिरव्या पानांचा डबा पडलेला. डब्यावर लिहिलं होतं की चिमूटभर पानं गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवावी. चिमूटभर? बहिणीसाठी? तिनं मूठभर घातली, आलं ठेचून घातलं, आणि पाणी अर्धं होईस्तोवर आटवलं. तो रंग मी पाहिलाय. गटारीचं पाणी त्यापेक्षा उजळ असतं.

पाहुण्यांनी भरलेल्या आंगणात तिनं तो ग्लास माझ्यापुढे धरला. मी नाही म्हटलं. सगळ्यांदेखत नाही म्हटलं, आणि आमच्याकडे समोर आलेला चहा नाकारणं म्हणजे तोंडावर दार लावणं. नणंदबाई तेवढ्याचीच वाट बघत होत्या.

"किडनी चालली," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अन् चाय नाई चालत? वा व मास्तरीन!"

लोक हसले. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हाव, नाई चालत. किडनी डाक्टरनं दिली तपासून. चाय मोबाईलनं दिली. मले फरक समजते." नणंदबाईंनी तोंड वाकडं केलं. पण मला त्यांचं काही नव्हतं, त्या तर बोलणारच. मला बघवलं नाही ते बाईचं तोंड. तिनं ग्लास परत नेला आणि घरामागच्या वाडीत जाऊन ओतला, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलली.

दुसऱ्या दिवशी मात्र तिनं स्वतःहून नेहमीचा चहा आणून दिला, दुधाचा, गुळाचा. मला बरं वाटलं. म्हटलं, समजली. चहा कडू लागत होता, पण बाईचा चहा कधी कडू नव्हता? मी तो सकाळी प्यायले, दुपारी प्यायले, संध्याकाळीही प्यायले. सुट्टी संपेपर्यंत माझ्या नशिबी तोच चहा होता आणि मी तो कौतुकानं पीत होते. निघताना बाई म्हणाली, "पाह्य, कशी टुमटुमीत झाली. माह्या हातचं खाल्लं तं मानूस सुधरते." मी हसले आणि गाडीत बसले.

शाळा उघडली आणि माझा हात थरथरायला लागला. आधी वाटलं थंडी. मग एका दिवशी फळ्यावर 'अलंकार' लिहायला गेले आणि 'अ' असा निघाला की पहिल्या बाकावरच्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी खडू दुसऱ्या हातात घेतला, तोही थरथरत होता. डोकं सारखं दुखत होतं, पायांवर सूज. मी रक्त दिलं. लेव्हल जितकी पाहिजे त्याच्या कितीतरी वर गेली होती आणि किडनीचा आकडाही चढला होता. नागपूरहून फोन आला, ताबडतोब या.

वॉर्डात डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारलं. नवीन काय खाल्लं? कुठली दुसरी गोळी? काढा? जडीबुटी? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी मग विचारलं की चुकून गोळ्या दुप्पट तर नाही घेतल्या? मला असा राग आला. म्हटलं, "डॉक्टर, मी मराठी शिकवते, पण दोनपर्यंत मोजता येतं मला." ते हसले नाहीत. म्हणाले, "मग कारण सापडलं पाहिजे. कारण हा आकडा खाली आला नाही तर ही किडनी टिकणार नाही." मी छताकडे बघत पडून राहिले. मला माझ्या मरणाची भीती वाटत नव्हती असं म्हणणार नाही, वाटत होती. पण त्याहून एक वेगळीच लाज वाटत होती. एका बाईनं आपलं आंग कापून दिलं, आणि ते आपल्याकडून नीट सांभाळलंही जाऊ नये.

बाईला कळलं तशी ती मिळेल त्या गाडीनं आली. डोक्यावर पदर, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मोठा थर्मास. डॉक्टर राऊंडवर होते. तिनं त्यांना नमस्कार केला, माझ्या कपाळाला हात लावला, आणि थर्मासचं झाकण फिरवलं.

"घे," ती म्हणाली. "घरून करून आनली. तिथं होती तवा कशी चांगली होती! इथं आली अन् पडली. कोन पाजते इथं?"

झाकणात ओतलेला चहा दुधाचा नव्हता. हिरवट काळा. आणि त्याचा वास माझ्या ओळखीचा होता. गूळ, आलं, दूध सगळ्याखाली दडलेला तोच कडवटपणा मी सुट्टीभर प्यायले होते.

डॉक्टरांनी झाकण हातात घेतलं. "मावशी, हे काय?"

"ग्रीन टी, साहेब." बाईचा चेहरा असा फुललेला. "हे ऐकत नाई ना, तं म्या काय केलं, आटवून ठेवत होती अन् हिच्या चायमदी टाकत होती. सुट्टीभर पाजली. हिले पत्ता बी नाई लागू देल्ला."

सगळा वॉर्ड ऐकत होता. मी उठून बसले. सलाइनची नळी ताणली गेली, नर्स ओरडली, मी कुणाचं ऐकलं नाही. "बाई!" मी ओरडले. "म्या नाई म्हटलं होतं ना? सगळ्याइच्या समोर नाई म्हटलं होतं! मले इचारलं काऊन नाई?"

बाईनं माझ्याकडे बघितलं. तिलाही राग आला, तिला राग लपवता येतच नाही.

"किडनी देतानी इचारलं होतं का तुले?" ती म्हणाली. "तवा बी तू नाईच म्हनत होती. तुह्यं ऐकलं असतं तं आज तू असती का?"

आपलेच दात, आपलेच ओठ. मी परत उशीला टेकले.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी बाईला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेला टेकले. म्हणाले, "मावशी, पान वाईट नाही. धडधाकट माणसानं कपभर पाण्यात चिमूटभर घालून घेतलं तर फारसं काही बिघडत नाही. पण त्यात कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात. जितकी पानं जास्त आणि जितकं जास्त आटवाल तितकी ती जास्त उतरतात. तुम्ही केला तो चहा नाही राहिला, अर्क झाला. आणि ही द्रव्यं हिच्या गोळीच्या वाटेत येऊ शकतात. गोळी शरीरात मोडून बाहेर जायला पाहिजे, ती मोडत नाही, रक्तात साचते. हिचं तसंच झालेलं दिसतं. यानंच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही, पण दुसरं कारण मला सापडत नाही."

बाईनं विचारलं, "पन डब्यावर तं लिवलं होतं, इम्युनिटी वाढते."

"वाढते की नाही, हेही तितकं सोपं नाही," डॉक्टर म्हणाले. "प्रयोगशाळेत बघितलं तर हीच द्रव्यं प्रतिकारशक्तीतल्या काही पेशींना उलट शांत करतात, सूज कमी करतात. माणसाच्या अंगात गेल्यावर किती काय होतं, ते अजून पुरतं कळलेलं नाही. डब्यावर लिहायला काय लागतं?"

मला त्या डब्याचा इतका राग आला. ज्यांना हे पान माझ्या कुत्र्याला उठवतं की झोपवतं तेही नक्की ठाऊक नाही, त्यांनी ठणठणीत अक्षरांत छापून मोकळं व्हायचं. आणि विकायचं कुणाला? जिला आपल्या माणसासाठी काहीतरी करायचंच आहे तिला. जिच्याकडे आणखी द्यायला काही उरलेलं नाही, म्हणून जी मूठ मूठ भरून पानं घालते तिला. मी आजही दुकानात तो डबा दिसला की उलटा करून ठेवते. दुकानदार माझ्याकडे बघतो. बघू दे.

बाई खुर्चीवरून उठली. मग तिनं थर्मास उचलला, मोरीकडे गेली, आणि ओतून आली. परत आली ती डोळे पुसत नव्हती, ते तसेच वाहत होते. "म्हंजे माही किडनी," ती म्हणाली, "म्याच मारत होती."

"मेली नाई अजून," मी म्हटलं. मला तिचा राग होताच, तो काही एका क्षणात जात नाही. पण तिला असं बसलेलं मला बघवेना. "तुह्याच आंगातली आहे. हट्टी आहे. इतक्या लवकर मरते का?"

ती दवाखान्यातच राहिली. कॉरिडॉरमध्ये चटई टाकून राहिली आणि रोज नर्सला पहिला प्रश्न हाच, "लेवल किती आली व बाई?" मुलींनी फोन केला तर त्यांना जेवणाचं नंतर, आधी माझी लेव्हल सांगायची. गोळी काही दिवस कमी केली. लेव्हल उतरली. मग किडनीचा आकडा उतरायला लागला, अडत अडत, एखाद दिवशी मागे जात, पण उतरला. ज्या दिवशी डॉक्टर म्हणाले की वाचली, त्या दिवशी बाई चटईवर आडवी झाली आणि दिवसाढवळ्या घोरायला लागली. घरी जाताना डॉक्टरांनी सांगितलं, चहा सोडायची गरज नाही, नेहमीचाच घ्या, पण कमी घ्या आणि फिका घ्या, आणि कुणी काहीही नवीन सुचवलं तर आधी मला विचारा. अति तिथे माती, ही म्हण मी वर्गात दरवर्षी शिकवते. वाक्यात उपयोग करायला आता मला दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही.

मला वाटलं होतं, यानंतर बाईचा हट्ट थोडा उतरेल. छे. ती माझ्यासाठी भांडतच राहिली, फक्त बाजू बदलली. आता तिच्या गावात कुणी 'इम्युनिटी' म्हटलं की ती त्याच्यावर धावून जाते. भाऊजींनी मोबाईलवर तो पांढऱ्या कोटवाला लावला तर तिनं त्यांच्या हातून फोन घेऊन पिठाच्या डब्यात टाकला. पण मी तिच्याकडे जायचं मात्र टाळत होते. खरं सांगते, माझ्या मनात भीती होती. तिच्या हातचं काही तोंडाला लावताना मी वास घेईन, आणि ती ते बघेल. मला ते तिला दाखवायचं नव्हतं.

यंदा मंडईला तिनं फोन केला. "येऊन राह्यली का नाई? नाई येत तं मी येतो न्यायले." मग काय करणार? गेले.

तेच आंगण, तीच गर्दी. भुरं कुत्रं मागच्या वाडीत बांधलेलं, तिथून सगळ्या पाहुण्यांना शिव्या दिल्यासारखं भुंकत होतं. नणंदबाई ओट्यावर मध्यभागी बसलेल्या. बाई आतून मोठं ताट घेऊन आली, ताटात काचेचे ग्लास, चहा असा काळाभोर की बघूनच झोप उडावी. एकेकाला देत ती माझ्यापर्यंत आली. ताटात शेवटचा एक ग्लास उरला होता, आणि त्यातला चहा असा फिका होता की ग्लासाच्या पलीकडची तिची बोटं मला दिसत होती.

तिनं तो लगेच हातात दिला नाही. खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "एवढी चालन का व तुले?"

फ्रॉकात होते तेव्हापासून आजवर या माझ्या बहिणीनं मला कधी काही विचारलेलं मला आठवत नाही. माझे केस कापले विचारलं नाही, शाळेत नाव घातलं विचारलं नाही, आपली किडनी काढून माझ्यात घातली तेव्हाही विचारलं नाही.

नणंदबाईंची नजर ग्लासावर पडलीच. "अव माय! सगळ्याइले कडक, अन् सख्ख्या बहिनीले पानचट चाय? हे कोनती रीत?"

ओट्यावरचे सगळे बघायला लागले. बाई ताठ उभी राहिली.

"हाव, पानचट," ती म्हणाली, मागे कुत्रं भुंकत होतं त्याच्या वर आवाज काढून. "दुश्मनाले देतेत तशी. तिच्यात माही किडनी आहे, अन् तिले हेच चालते. ज्याले रीत पायजे त्यानं आपली कडक प्यावी अन् उगी बसावं. माह्या घरी माही बहीन पानचटच पिईन."

मी ग्लास घेतला. वास घेतला नाही. घोट घेतला. इतका भिकार चहा मी जन्मात प्यायले नव्हते, नुसतं गरम पाणी, त्याला दुधाची ओळख. मी तो सगळ्यांच्या देखत, नणंदबाईंच्या तोंडाकडे बघत, शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि ग्लास पुढे केला.

"बाई," मी म्हटलं, "अजून आहे का व?"